नानांचा टीपॉय

आमच्या बैठकीच्या खोलीत, अण्णांच्या खुर्चीच्या उजव्या अंगाला, एक सागवानी टीपॉय असतो. उंची दीड फूट, वरची फळी चौरस, पाय चार, आणि नक्षीच्या नावाने एक रेघही नाही. या शब्दाची आम्हांस नेहमी गंमत वाटत आली आहे. मुळात तिपाई, म्हणजे तीन पायांची. इंग्रजांनी ती येथून उचलली, तिचा 'टीपॉय' केला, तिच्यात चहाचा काही संबंध असावा असा आपला समज करून घेतला, आणि मग आपण तोच शब्द चार पाय लावून साहेबाकडून परत घेतला. असो. हा लेख शब्दाविषयी नाही. त्या टीपॉयच्या फळीवर काय ओतावे आणि काय ओतू नये यावरून आमच्या घरात वर्षभर जे चालले होते, त्याविषयी आहे.

हा टीपॉय आमच्या आजोबांनी केला. त्यांना सारे घर नाना म्हणे. १९३६ साली ते बडोद्याच्या कलाभवनात शिकत होते. सयाजीराव महाराजांच्या काळात १८९० साली निघालेली ही संस्था. चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके येथेच शिकून गेले, आणि पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रशाखा हिच्यातूनच उभी राहिली. नानांनी तेथे स्वतःच्या हाताने रंधा मारून, पटाशीने खाचा पाडून हा टीपॉय जोडला. पायांच्या सांध्यात खिळा एकही नाही. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत अशी बसली आहे की नव्वद वर्षांनीही टीपॉय डगमगत नाही. वर चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, फडक्याच्या बोळ्याने हात देऊन देऊन केलेले पॉलिश. ते पॉलिश पायांवर अजूनही आहे. फळीवरचे गेले, कारण १९७९ साली अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, तिच्यावर सनमायका चिकटवला.

तो दिवस आम्हांस स्पष्ट आठवतो. आमचे वय तेव्हा नऊ वर्षांचे. दांडिया बाजारातल्या जुन्या घराची ओसरी, सनमायकाचा फिकट पिवळा तुकडा, गोंदाचा वास, आणि चिकटवलेला तुकडा उचलू नये म्हणून त्यावर रचलेले पाटा, वरवंटा आणि केतकरांच्या ज्ञानकोशाचे जाडजूड खंड. अण्णा उत्साहाने काम करीत होते, आणि नाना ओसरीच्या टोकाला आमच्याकडे पाठ करून बसले होते. संध्याकाळपर्यंत त्यांनी मान वळवली नाही. हाताने केलेल्या वस्तूवर मुलाने कारखान्यातला कागद चिकटवावा आणि बापाने निमूट पाठ फिरवावी, हे चित्र आमच्या बालमनावर कोरले गेले. पुढे शिक्षक झाल्यावर आम्ही ते शाळेत सांगू लागलो. प्रार्थनेच्या वेळी, स्नेहसंमेलनात, निरोपसमारंभात. 'वडिलधाऱ्यांच्या श्रमांचा आदर' असा विषय निघाला की नानांची ती पाठ आमच्या मदतीला धावून येई. मुख्याध्यापक झाल्यावर तर ती वर्षातून दोनदा तरी येऊ लागली. गोष्ट चांगली होती. मुले गप्प बसून ऐकत.

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीला महापूर आला. आम्ही आता नदीच्या बाजूच्या वसाहतीत तळमजल्यावर राहतो. घरात गुडघ्याच्या वर पाणी चढले आणि दोन दिवस राहिले. अण्णांना वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांनी आपल्या घरी नेले. त्या दिवसांत त्यांनी आम्हां सर्वांना जे जेवूखाऊ घातले त्याचे ऋण फिटणारे नाही. पाणी ओसरल्यावर पाहिले तर भुसा दाबून केलेल्या फळ्यांची कपाटे पावासारखी फुगली होती. ती रस्त्यावर गेली. सारी गल्लीच त्या आठवड्यात आपले सामान रस्त्यावर मांडून बसली होती. नानांचा टीपॉय मात्र चिखल पुसताच जसाच्या तसा उभा राहिला. फक्त फळीवरचा सनमायका एका बाजूने सुटून पोळीच्या पापुद्र्यासारखा वर आला होता. पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा गोंद पाण्याने हरला होता.

आमची धाकटी कन्या वाणिज्य शाखेची पदवीधर असून एका खाजगी कचेरीत हिशेब पाहते. परंतु सुट्टीच्या दिवशी तिचे हात निराळ्याच उद्योगात असतात. ती रेझिनच्या वस्तू करते. किल्ल्यांना लावायचे गोळे, तबके, भिंतीवरची घड्याळे. टीपॉयची अवस्था पाहून ती म्हणाली, "बाबा, हा मला द्या. सनमायका काढते, घासते, आणि वर रेझिन ओतते. निळा समुद्र, पांढऱ्या लाटा. ओळखूसुद्धा येणार नाही!"

ओळखू येणार नाही, याचीच तर आम्हांस भीती होती. आम्ही चष्मा काढला (शाळेत आम्ही चष्मा काढला की मुले जागेवर बसतात) आणि तिला नानांच्या पाठीची गोष्ट सांगितली. ती तिने लहानपणापासून ऐकली होतीच. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि विचारले, "मग निदान सनमायका तरी काढू द्या. तो तर नानांना नकोच होता ना?"

या तर्काला उत्तर नव्हते.

सनमायका निघाला. खाली राखाडी रंगाची, खरवडलेली फळी होती, आणि तिच्या मधोमध, एका कडेपासून जवळजवळ दुसऱ्या कडेपर्यंत, एक लांब तडा. काही ठिकाणी त्यात करंगळीचे टोक जाईल इतका रुंद. त्यात कोणी तरी कधी काळी लाख आणि भुसा कालवून भरला होता. तो वाळून सुटला होता. आम्ही तत्काळ निदान केले, आणि दुर्दैवाने मोठ्याने केले: "पाहिलेत? त्या गोंदाने आणि पाट्या-वरवंट्याच्या भाराने फळी तडकवली." अण्णा खुर्चीत होते. ब्याऐंशी वर्षांचे आहेत, कानांनी उत्तम ऐकतात. ते काही बोलले नाहीत. त्यांनी वर्तमानपत्राचे पान उलटले.

आता प्रश्न तड्याचा होता. कन्येचे म्हणणे, तडा भरण्यासाठी रेझिनसारखा पदार्थ नाही. आमचे म्हणणे, लाकडावर शोभेल ती लाख. शब्दकोशाच्या दृष्टीने पाहिले तर भांडण एकाच कुळातले होते. रेझिन म्हणजे आपली राळ. शालवृक्षाचा चीक वाळला की त्याची राळ होते. मशालीवर तिची पूड फेकली की भपकन ज्वाळा उठते, आणि त्यावरूनच आरोपांची राळ उडवणे हा वाक्प्रचार आला. लाख हीदेखील राळच, फक्त झाडाची नव्हे. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर बसणारा एक इवलासा किडा ती आपल्या अंगातून स्रवतो. पांडवांसाठी बांधलेले जतुगृह याच 'जतु'चे. कन्येच्या डब्यांतली राळ मात्र रसायनशाळेतली. १९३० आणि १९४० च्या दशकांत स्वित्झर्लंडचे पिएर कास्तान आणि अमेरिकेचे सिल्व्हन ग्रीनली यांनी ती स्वतंत्रपणे सिद्ध केली. फुटकी कपबशी सांधण्यासाठी दोन नळ्यांतील मलम कालवून आपण लावत आलो ते अरल्डाइट हीच. एवढेच कशाला, ज्या सनमायकाला आम्ही कारखान्यातला कागद म्हणून हिणवले तोही राळेत भिजवलेल्या कागदांचे थर उष्णतेने आणि दाबाने एकजीव करूनच होतो. हे सारे आम्हांस कन्येने सांगितले. मुख्याध्यापकाला घरात विद्यार्थी व्हावे लागते ते असे.

तरीही आम्ही हटलो नाही. बडोद्याहून डभोईमार्गे ४५-५० किलोमीटरवर, ओरसंग नदीच्या काठी संखेडा आहे. तेथले लाखकामाचे पाळणे, झोपाळे, खुर्च्या, देव्हारे आपल्या बडोदेकरांच्या घरोघरी असतात. मुलीच्या लग्नात संखेड्याचा झोपाळा दिला की वधूपिता वर्षभर ते सांगत फिरतो. या कामाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. फेब्रुवारी २०२५ मधल्या एका रविवारी आम्ही फळी गाडीत घातली, कन्येला घेतले, आणि अण्णाही "मी येतो" म्हणून निघाले.

ज्या खराडी कारागिराकडे आम्ही गेलो तो साठीचा असावा. त्याने आधी आम्हांला काम दाखवले, मग फळी पाहिली. सागाचा गोल कातलेला पाय चरकावर फिरत होता. त्याला अगोदर मरून रंग दिलेला. कथलाचा वर्ख सरसात घोटून केलेल्या लेपाने, बारीक केसांच्या कुंचल्याने, त्याच्या मुलाने त्यावर वेलबुट्टी काढली होती. कोठेही आखणी नाही, हात सांगेल तशी. वाळल्यावर ती अकीकाच्या दगडाने घासली की चांदीसारखी लखलखते. मग फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून धरायची. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पसरत जाते. पारदर्शक लाखेचा थर बसला की खालची चांदी पाहता पाहता सोनेरी दिसू लागते. शेवटी केवड्याच्या पानाने घोटायचे. सोने त्यात गुंजभरही नाही. आमची कन्या त्या पायापुढून हलेना.

मग त्याने आमची फळी हातात घेतली, तिच्यावरून तळवा फिरवला आणि हसून म्हणाला, "साहेब, जे फरे नहीं एना पर लाख चढे नहीं." फळी चरकावर कशी फिरणार? पाय असते तर त्याने करून दिले असते. तड्यात त्याने नख घातले, फळी आडवी धरून तिचे रेषे पाहिले आणि सहज म्हणाला, "लाकडुं लीलुं हतुं." लाकूड ओले होते. नीट न वाळलेली फळी चौकटीला घट्ट जखडली की वाळताना ती रुंदीत आकसते. आकसायला जागा मिळाली नाही की मधोमध फाटते. हे गोंदाने होत नाही, वजनानेही नाही. "बहु जूनी तिराड छे," तो म्हणाला. फार जुना तडा आहे.

आम्ही काही बोलणार तोच अण्णा मागून म्हणाले, "लग्नाच्या आधीची आहे. माझ्या."

परतीच्या वाटेवर डभोईला चहासाठी थांबलो तेव्हा त्यांनी उरलेले सांगितले. अगदी थोडक्यात, अण्णा कधीच पाल्हाळ लावत नाहीत. कलाभवनातल्या शिक्षकांनी नानांना बजावले होते की फळी अजून वाळलेली नाही, एक उन्हाळा थांब. नानांना थांबवले नाही. दुसऱ्याच वर्षी फळी तडकली. त्यांनी ती लाख-भुशाने भरली, पुन्हा सुटली, पुन्हा भरली. घरी कोणी आले की ते टीपॉयवर आधी पंचा पसरत. चाळीस वर्षे पंचा पसरला. १९७९ साली सनमायका रावपुऱ्यातून त्यांनीच विकत आणला. स्वतः चिकटवण्याचे मात्र त्यांच्याने होईना, म्हणून अण्णांना सांगितले.

"पण नाना पाठ करून बसले होते," आम्ही म्हणालो.

"बसले होते. ते खरे आहे."

आम्ही विचारले, मग तुम्ही इतकी वर्षे बोलला का नाहीत? २०११ च्या आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात अण्णा पहिल्या रांगेत बसले होते. आम्ही व्यासपीठावरून ती गोष्ट रंगवून सांगितली होती, आणि गोष्टीत वडिलांच्या श्रमांवर कागद चिकटवणारा तो मुलगा समोरच्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवीत होता.

अण्णांनी कप खाली ठेवला. "तू चांगली सांगत होतास," ते म्हणाले. "आणि नानांची चूक तीनशे मुलांना सांगून काय मिळणार होते?"

कन्या खिडकीतून बाहेर पाहत होती. त्यानंतर बडोदे येईपर्यंत गाडीत कोणी बोलले नाही. आम्हीही नाही, ही वाचकांनी नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही फळी कन्येच्या स्वाधीन केली. समुद्र आणि लाटा नकोत एवढे सांगायचे मनात होते, पण सांगितले नाही. न सांगणे आम्हांस जड गेले.

परीक्षा, निकाल, प्रवेश यांत पावसाळा आला आणि जुलैमध्ये तिने काम हाती घेतले. याला घाई म्हणावे की वंशपरंपरा, कोण जाणे! हवा ओलसर, फळीही ओलसर. राळ आणि तिला कठीण करणारे दुसरे द्रव्य यांचे प्रमाण त्या डब्यांवर मापाने दोनास एक असे लिहिले होते. हिने ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजनाने घेतले. दोन्ही द्रव्यांची घनता निराळी, त्यामुळे हिशेब चुकला. हिशेबाचीच नोकरी करणाऱ्या मुलीचा! चौथ्या दिवशीही तडा बोटाला चिकटत होता आणि वर दुधाळ साय धरली होती. तिने मुकाट्याने सारे खरवडून काढायला घेतले. हातमोजे, तोंडाला मुसके, सर्व खिडक्या उघड्या. या द्रव्यांची वाफ आणि स्पर्श दोन्ही बाधतात, हे वाचकांतील उत्साही मंडळींनी ध्यानात ठेवावे. तिला खरवडताना पाहून आमच्या मनात प्रथम काय आले ते लपवण्यात अर्थ नाही. 'पाहा, सांगितले होते,' हेच आले. वस्तुतः आम्ही काहीच सांगितले नव्हते.

अण्णा मात्र उठून तिच्याजवळ गेले, स्टूल ओढून बसले आणि पटाशीचे टोक कसे धरावे ते तिला दाखवू लागले. पटाशी नानांची होती.

दुसऱ्या खेपेला तिने घाई केली नाही. फळी पाऊस सरेपर्यंत माळ्यावर आडवी ठेवली. सुताराकडून चौकटीला नवी बंधने बसवून घेतली. ती थोडी सैल आहेत, म्हणजे फळीला आकसायला-पसरायला जागा राहील. दिवाळी झाली, हवा कोरडी झाली, तेव्हा तड्याला खालून चिकटपट्टी लावली, आतल्या बाजूस पातळ हात दिला, कारण कोरडे लाकूड राळ पिते आणि बुडबुडे सोडते. मग दोन द्रव्ये मापाने घेऊन पाच मिनिटे सावकाश ढवळली. भराभर ढवळले की हवा मिसळते. कालवलेल्या राळेचा पेला हाताला गरम लागू लागतो, हे आम्ही बोट लावून पाहिले. तिने त्यात गडद मरून रंग मिसळला, आणि थोडी सोनेरी अभ्रकाची पूड. आम्ही तिच्याकडे पाहिले. ती म्हणाली, "सोने त्यात गुंजभरही नाही, बाबा."

एकदम ओतले नाही. दोन दिवसांत तीन थर दिले. वर आलेले बुडबुडे केस वाळवण्याच्या यंत्राने नव्हे (ते धूळ उडवते), तर गरम हवेच्या खास यंत्राने फोडले. नंतर आठ दिवस फळीला कोणी हात लावायचा नाही, असा हुकूम निघाला. आमच्या घरात हुकूम आता तीच काढते.

बाकीच्या फळीवर तिने राळ ओतलीच नाही. आम्हांस वाटले होते, सारे झाकेल. उरलेला साग तिने घासून, चपडा लाखेचे पॉलिश करून तसाच ठेवला. पायांवरच्या नव्वद वर्षांच्या पॉलिशशी त्याचा रंग अजून जुळत नाही. तडा मात्र आता दुरूनही दिसतो. खोलीत पाऊल टाकणाऱ्याचे लक्ष आधी तेथेच जाते. दुपारचे ऊन शेजारच्या भिंतीवर आले की त्या मरून रेघेतली पूड उजळते. उन्हात ठेवले तर ही राळ कालांतराने पिवळी पडते, म्हणून टीपॉय खिडकीपासून दोन हात दूर सरकवला आहे.

नानांच्या पाठीची गोष्ट आम्ही शाळेत त्यानंतर सांगितलेली नाही. गेल्या महिन्यात एका शिक्षिकेने आठवण केली, "सर, ती टीपॉयची गोष्ट सांगा ना, नव्या मुलांनी ऐकलेली नाही." आम्ही वेळ नाही असे सांगितले. खरे तर वेळ होता. त्या गोष्टीचा नवा अर्धा भाग मुलांना कसा सांगावा, आणि सांगितला तर नानांना चालेल का, याचा निर्णय आमच्याने अजून होत नाही. अण्णांना विचारले तर ते म्हणाले, "तू मुख्याध्यापक. तूच ठरव."

रोज सकाळी सातला अण्णा त्या टीपॉयवर चहा घेतात. राळेला गरम कपाचा डाग पडतो, म्हणून कन्येने लाकडाच्या चकत्या आणून ठेवल्या आहेत. अण्णा विसरतात. आज सकाळीही त्यांनी वाफाळता कप थेट तड्यावर टेकवला. कन्या स्वयंपाकघरातून धावत आली, "अण्णाआजोबा, चकती!" त्यांनी कप उचलला, धोतराच्या सोग्याने ती मरून रेघ पुसली, वाकून निरखून पाहिली. डाग पडला नव्हता. मग चकती शोधण्यासाठी ते खुर्चीच्या बाजूला हात चाचपडू लागले, आणि ती आमच्या वर्तमानपत्राखाली निघाली.